भाऊजी, रेती ठरली

भाऊजी, तुम्ही गेल्याला आज एकवीस दिवस झाले. मधल्या काळात टाकीत एकदाची रेती पडली. कोणती पडली ते सांगते, पण लगेच नाही. पन्नास वर्षं तुम्ही माझं बोलणं "वैनी, मुद्द्यावर या" म्हणून मधेच कापत आलात. आता कापायला तुम्ही नाही, तेव्हा मी सावकाश सांगणार आहे.

जलदानाच्या दिवशी घर भरलं होतं. वंदना झाली, भन्तेजी बोलले, लोकांनी तुमच्या फोटोपुढे फुलं ठेवली, आणि मग एकेक जण वळून तुमच्या टाकीपुढे उभा राहिला. फोटोपुढे मिनिटभर, टाकीपुढे दहा मिनिटं. तुम्हाला याचा राग आला नसता, उलट तुम्ही खुर्ची सरकवून जागा करून दिली असती. नार्नूरहून तुमची चुलतबहीण शांताबाई आली होती. तिनं काचेला नाक लावून विचारलं, "वैनी, हे नारिंगी मासे तळाचे का रस्सा कराचा?"

मी म्हटलं, "बाई, दोन्ही मिळून एक घास होत नाही. अन् त्याईच्या पाण्याले जेवढं मीठ लागलं, तेवढ्यात आपल्या गल्लीचं वर्षाचं लोणचं झालं असतं."

दोघी-तिघी हसल्या आणि लगेच पदर तोंडावर घेतला. मी म्हटलं हसा, त्यात काय. ज्याच्यासाठी आलात त्याला रडकी तोंडं चालायची नाहीत.

मग शांताबाईनं खरा प्रश्न विचारला. "पण वैनी, खाली रेती काऊन नाई? नुसता काच उघडा दिसून राह्यला. अंथरूण न टाकलेल्या खाटेवानी."

मी पदरानं काच पुसायला लागले. कारण रेती का नाही, हे सांगायचं तर मला माझी चोरी सांगावी लागली असती, आणि ती मी तुम्हालाही सांगितली नव्हती. टाकीच्या वरच्या फळीवर दोन स्टीलच्या ताटल्या होत्या. एकीत माझी रेती, एकीत तुमची. दोन्हींवर तुम्ही जाळीचं झाकण ठेवलं होतं, भज्यांवर ठेवतात तसं. मी शांताबाईला म्हटलं, "ठरायची हाय अजून." ती म्हणाली, "कोण ठरवणार आता?" आणि चहा प्यायला आत गेली.

हा सगळा नाद लागला त्या दवाखान्यात. तुमची छाती दाखवायला आपण हैदराबादला गेलो होतो. आपली नात मैत्री तिथे कॉलेजात आहे म्हणून तिच्याच खोलीवर उतरलो. डॉक्टरकडे बसायच्या जागेत भिंतीत एक समुद्राच्या पाण्याची टाकी होती, आणि तुम्ही तिच्यापुढे असे बसलात की नंबर पुकारला तरी हलला नाहीत. ती तेलुगू नर्स "ताता, ताता", म्हणजे आजोबा, करून थकली. शेवटी मी तुमच्या दंडाला धरलं, तर तुम्ही मलाच खाली बसवलंत.

"वैनी, थो झिंगा पाहा. त्याले दिसत नाई म्हणते. तरी खोदून राह्यला. अन् थो मासा पाहा, बिळाच्या तोंडाशी उभा. झिंग्याची मिशी माशाच्या अंगाले टेकून हाय. मासा हलला का झिंगा आत. दोघं एकाच बिळात राह्यते."

"मंग?"

"मंग काय मंग. हे तर आमचंच काम हाय. एक जण खोदते, एक जण तोंडाशी उभा राह्यते." मग कान काचेला लावून म्हणालात, "अन् ऐका, थो पंजा वाजवते. टक् करते."

मला काही ऐकू आलं नाही. मला फक्त एवढं दिसलं की चाळीस वर्षं मंचेरियलच्या कोळशाच्या खाणीत काढलेल्या माणसाला हैदराबादच्या काचेत आपला गाववाला भेटला आहे. डॉक्टरनं काय सांगितलं ते तुम्ही परतीच्या बसमध्ये एका वाक्यात आटपलंत. झिंग्याबद्दल मात्र निर्मल गाव येईपर्यंत बोललात.

मग टाकी आली. दोन फुटांची, मैत्रीनं कोणाकडून तरी जुनी मिळवून दिलेली. मीठ आलं, दिवे आले, दगड आले, त्यांवर चिकटलेले ते हलणारे प्रवाळ आले. आदिलाबादेत समुद्र. गल्लीतले लोक बघायला यायचे आणि माझ्याकडे असं पाहायचे, की म्हातारा ठीक आहे, तुम्हीही का बाई? उन्हाळ्यात पाणी आटायला लागलं आणि तुम्ही रोज मिठाचं पाणी वरून घालत गेलात. मासे कोपऱ्यात जाऊन बसले. तुम्ही मीटर लावून डोकं खाजवत होतात. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "भाऊजी, वरण आटलं तर मीठ वाढते का कमी होते?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मीटरकडे बघितलंत, आणि साध्या पाण्याची बादली घेऊन आलात. तेवढा एक विषय मी स्वच्छ जिंकले. म्हणून तो आधी सांगून घेतला.

आता रेती. तुमच्यापुढे रेतीबद्दल बोलणं म्हणजे हलवायाला साखर शिकवणं. कोळसा काढून जमीन पोकळ झाली की ती जागा भरून काढायची, नाहीतर वरचं सगळं खचतं. गोदावरीची रेती पाण्यात कालवून पाइपातून खाली सोडायची, पाणी निथळून जातं, रेती बसते. तुम्ही वर्षानुवर्षं तेच केलंत. पण मीही पैनगंगेच्या काठची. माझं बालपण रेतीत गेलं. म्हणून तुम्ही पार्सलनं रेती मागवायची म्हणालात, तेव्हा मला हसूच फुटलं. नदी सोडून रेती पार्सलनं? माहेरी भाच्याला फोन केला आणि पैनगंगेची रेती गोणीत भरून मागवली.

तुम्ही गोणीत हात घातलात, चिमूट काढली आणि म्हणालात, "वैनी, ही गारगोटीची रेती. समुद्राची रेती शिंपल्याची, प्रवाळाची राह्यते. पाण्याले चुना देते. ही काई देत नाई."

"तुमाले काय माहीत? तिच्यात शिंपले नसते का? आमी तं लहानपणी वेचले."

"मंग परीक्षा घेऊ."

परीक्षा. मला. एकतीस वर्षं ज्या बाईनं मुलांच्या कॉप्या पकडल्या तिला. तुम्ही व्हिनेगरची बाटली आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी चहानंतर एका वाटीत माझी रेती घेऊन वर व्हिनेगर घालायचं, फसफसली तर पास, असं ठरलं. आणि भाऊजी, त्या दिवशी सकाळी मी जे केलं ते असं. ऑम्लेटसाठी चार अंडी फोडली होती. त्यांची टरफलं धुतली, तव्यावर वाळवली, खलबत्त्यात बारीक कुटली आणि माझ्या वाटीतल्या रेतीत मिसळली. अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं की टरफल फसफसून विरघळतं, हा प्रयोग मी पाचवीच्या पोरांना दरवर्षी दाखवायची. विज्ञान कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

दुपारी माझी वाटी अशी फसफसली की मलाच भीती वाटली. तुम्ही चष्मा पुसला. चिमूटभर रेती तळहातावर घेतली, बोटानं चोळली, उजेडाकडे नेली. बराच वेळ बघितलीत.  मग म्हणालात, "पास. पैनगंगा पास."

ती गोणी टाकीत गेली. तीन आठवड्यांत त्या रेतीपायी सगळ्या टाकीवर तपकिरी शेवाळाचा थर आला. काचेवर, दगडांवर, प्रवाळावर, जणू कोणी चहाची गाळलेली पत्ती उधळली होती. तुम्ही रोज सकाळी ब्रशनं घासायचात, संध्याकाळी पुन्हा तेच. शेवटी नळी लावून सगळी रेती ओढून काढलीत. दोन रविवार गेले त्यात, दम लागून मधे मधे खुर्चीत बसत होतात. मी शेजारी बादली धरून उभी. तोंडाशी शब्द आला होता. तुम्ही म्हणालात, "चूक माही हाय वैनी. मी नीट धुतली नाई." आणि मी, भाऊजी, मी म्हटलं, "होते कधी कधी."

यावर मी स्वतःला किती शिव्या दिल्या ते जाऊ द्या.

त्यानंतर टाकीची जमीन तशीच उघडी राहिली. मैत्री सुट्टीला आली तेव्हा हैदराबादच्या दुकानातून दोन पुड्या घेऊन आली. दोन्ही समुद्राच्याच, दोन्ही व्हिनेगरला प्रामाणिकपणे फसफसणाऱ्या. एक पिठीसाखरेसारखी पांढरीशुभ्र, बारीक. दुसरी जाडी भरडी, करडी-पिवळसर, तिच्यात नखाएवढे प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, काहीबाही. मी पांढरीवर हात ठेवला, तुम्ही भरडीवर. आणि पुढचे आठ दिवस आपण दोघांनी मिळून घर डोक्यावर घेतलं.

"पांढरी पाण्याच्या जोरानं उडते, वैनी. प्रवाळाच्या तोंडात जाते."

"तुमच्या भरड्यात खाणं अडकून सडते. दर आठ दिवसाले उपसत बसा."

"बारीक रेतीत बीळ टिकत नाई. झिंग्यानं खोदलं का वरून बसलं. त्याले टेकू पाह्यजे. हे तुकडे काय शोभेले हायत? हे त्याचे खांब हायत."

"अजून झिंग्याचा पत्ता नाई अन् त्याच्या खांबाचं पाहून राह्यले."

शेवटच्या सकाळी तुम्ही म्हणालात, "तुमीच ठरवा वैनी. मी बोलत नाई आता." मी म्हटलं, "दुपारी ठरवू, भाकरी होऊ द्या." तुम्ही खुर्चीतच जरा डोळे मिटले. माझ्या भाकरी झाल्या.

पांढऱ्याचं मला वेड आहे, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची, टीचर ट्रेनिंग झालेली, घराण्यातली पहिली मास्तरीण. नाक इतकं वर की पाऊस आला असता तर नाकात गेला असता. रुखवतात पांढऱ्या दोन चादरी आणल्या होत्या, त्या मी रोज धुवायची. घरात कोणी बसायच्या आधी मी त्याच्या धोतराकडे बघायची. सासूबाई म्हणायच्या, हिला इन्स्पेक्टर करायला पाहिजे होतं.

आणि एके दिवशी सकाळी तुम्ही आलात. मंचेरियलची बस चुकू नये म्हणून पाळी संपवून तसेच आला होतात, अंगावर पाणीही न घेता. डोळ्यांच्या कडांना कोळसा, कानात कोळसा, नखांत कोळसा, आणि हातात नव्या वहिनीसाठी सीताफळांची पिशवी. मी दारात आडवी झाले. "भाऊजी, तिथंच थांबा. आधी नळावर आंघोळ करा, मग आत या."

नळाला पाणी नव्हतं. ते यायला अर्धा तास होता. तुम्ही तो अर्धा तास उंबऱ्याबाहेर उभे राहिलात, पिशवी हातात धरून. खाली ठेवली नाहीत, कारण खालची फरशी मी नुकतीच पुसली होती.

मामंजी बाहेरून आले. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाले, "सूनबाई, माह्या बापानं जिंदगी काढली दुसऱ्याच्या दारात उभं राहून. माह्या पोराले माह्याच घराच्या दारात उभं केलं तू?"

आता इथे शहाणी मुलगी गप्प बसली असती. पण मी ट्रेनिंग झालेली. मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "मामंजी, हा जातीचा नाही, जंतूंचा प्रश्न आहे."

पन्नास वर्षांत या एका वाक्यानं मला जितकं छळलं तितकं कशानंच नाही. अजून पोळी लाटता लाटता ते आठवतं आणि मी लाटणं ठेवून डोळे मिटते. कसली ती पुस्तकी भाषा, आणि कोणापुढे. मामंजी तुमच्याशेजारी जाऊन उभे राहिले, उंबऱ्याबाहेर. आणि तुम्ही मात्र हसलात. म्हणालात, "बाबा, वैनी बरोबर बोलते. कोळशात जंतू असते." सीताफळं मला मिळाली. आंघोळ झाली, जेवणं झाली. माफी मी मागितली नाही. आपल्यात तोंडानं माफी कोण मागतं? ताटात एक भाकर जास्त वाढतो आणि समोरचा ती खातो, झालं. त्या दिवशी मी तुम्हाला तीन भाकरी जास्त वाढल्या. तुम्ही तिन्ही खाल्ल्या आणि रात्रभर पोट धरून बसलात म्हणे.

पण त्यानंतर तुम्ही कधीही पाय धुतल्याशिवाय घरात आला नाहीत. आणि आत यायच्या आधी चौकटीवर बोटाच्या पेरानं एकदा ठोकायचं. टक्. निवृत्त होऊन इथेच राहायला आलात, कोळशाचा कणही उरला नाही, तरी दुकानातून कोथिंबीर घेऊन आलात तरी टक्. मी आतून ओरडायची, "दार उघडंच हाय!" एकदा विचारलं, काऊन ठोकता रोज? तुम्ही म्हणालात, "खाणीची सवय हाय वैनी. छताले कांब मारून पक्कं का पोकळ ते ऐकल्याबिगर आत पाय टाकत नाई आमी." मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं. खरंच खाणीची सवय होती, की त्या सकाळची? हे विचारायचं राहिलं. विचारायला मी घाबरत होते, असंही म्हणा.

जलदानाच्या दुसऱ्या दिवशी मैत्री परत निघाली. पिशवी भरता भरता म्हणाली, "आज्जी, टाकीचं काय करायचं? तुला झेपत नसेल तर मी घेऊन जाते, एक मैत्रीण आहे तिला देते. ठेवणार असशील तर रेती ठरव. तो झिंगा आणि मासा दुकानात आलेत. लहान आबांनी सांगून ठेवलं होतं. दुकानदार पुढच्या रविवारपर्यंत ठेवतो म्हणाला, मग विकणार. पण रेतीशिवाय त्यांना आणता येणार नाही, बिळाशिवाय ते घाबरून मरतात."

मी म्हटलं, "लहान आबानं मले ठरवायले सांगितलं. म्हणजे पांढरी."

तिनं पिशवीची चेन ओढली. मग म्हणाली, "आज्जी, एक सांगू? रागावू नको. अंड्याचं टरफल."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"लहान आबांना तेव्हाच कळलं होतं. तळहातावरच्या रेतीचा फोटो काढून मला पाठवला होता त्यांनी. तांबूस कण दिसत होते, गावठी अंड्याचे. खाली लिहिलं होतं, वैनीनं कॉपी केली, बोलू नको. जिंदगीभर दुसऱ्याले पास केलं तिनं, एक डाव तिले पास होऊ दे."

म्हणजे भाऊजी, ती गोणी टाकीत ओतताना तुम्हाला माहीत होतं. तपकिरी होणार, घासावं लागणार, उपसावं लागणार. तुम्हाला दम लागतो हेही माहीत होतं. बादली धरून मी शेजारी उभी राहून "होते कधी कधी" म्हणाले, तेव्हा तुम्ही नळीकडे बघत होतात. आता मला आठवतं, तुमचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकला आला. तुम्ही हसत होतात, नाही का?

मी बसले आणि मीही हसले. मैत्रीला वाटलं आज्जी रडते आहे, तिनं पाणी आणलं. थोडं तेही होतं.

मग मी परीक्षा घेतली, या वेळी कॉपी न करता. दोन काचेचे पेले घेतले. एकात पांढरी, एकात भरडी, वर पाणी. करंगळीनं दोन्हींत काचेच्या कडेनं बीळ केलं. पांढरीतलं बीळ बोट काढता काढताच बसलं, जणू कधी नव्हतंच. भरडीत एक चपटा तुकडा आपोआप आडवा झाला, दोन टोकांवर टेकला, आणि खाली भोक उघडं राहिलं. मी दुपारपर्यंत ते बघत होते. मैत्रीची बस गेली, ती दुसऱ्या बसनं गेली. बीळ तसंच. तुमचं छत पक्कं होतं. खरं सांगते, परीक्षेच्या आधीच माझं ठरलं होतं. पण मास्तरणीला पेपर तपासल्याशिवाय निकाल लावता येत नाही.

बाकीची भरडी रेती मैत्रीनं पार्सलनं पाठवली. हो, पार्सलनं. हसा. मी ती तांदळासारखी धुतली, अकरा पाण्यांनी, पाणी नितळ येईपर्यंत. आता ती टाकीत टाकायची कशी? वरून ओतली तर सगळा धुरळा. टाकीमागे फडकं काढायला हात घातला तर तिथे तुम्ही कापून ठेवलेला पांढरा पाइप आणि वर बसणारं नरसाळं. एकही शब्द लिहिलेला नाही, चिठ्ठी नाही, पण पाइप बरोबर टाकीच्या उंचीचा. मला कळलं. नरसाळ्यात रेती, वरून पेल्यानं पाणी, आणि पाइपाचं तोंड जमिनीशी. पाणी निथळून गेलं, रेती बसली. थोडासा गढूळपणा आला तो संध्याकाळी गेला. मासे एकदा माझ्याकडे रागानं बघून गेले. तुमचं चाळीस वर्षांचं काम मी एका दुपारी शिकले, आणि बरं का, कंबर मोडली.

चार बोटं जाड थर झाला. आणि शेवटी, मला राहवलं नाही, उजव्या कोपऱ्यात माझ्या पांढऱ्या रेतीची एक मूठ सोडली. एकच. इतक्या वर्षांचं वेड एका दिवसात कसं जाणार?

हो, आणि तुमची रक्षा आपल्या शेताच्या बांधावर आंब्याखाली गेली. कोणी तरी म्हटलं होतं, म्हाताऱ्याला टाकीचा इतका नाद, चिमूटभर टाकीत टाका. मी म्हटलं, त्यानं स्वतः बजावलं आहे: "माही राख टाकीत टाकाल तर फॉस्फेट वाढंल, मंग शेवाळ काढत बसजा वैनी." तेव्हा आंबा.

रविवारी मैत्री दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन आली. झिंगा करंगळीएवढा, मासा त्याहून थोडा मोठा, पिवळा, चेहऱ्यावर कायम तक्रार. सोडल्याबरोबर झिंगा दगडाखाली शिरला, आणि पाच मिनिटांत रेतीचा ढिगारा बाहेर यायला लागला. मासा तोंडाशी उभा राहिला. कोणी शिकवलं नाही, कोणी पाळी लावून दिली नाही. झिंगा दोन्ही हातांत प्रवाळाचे तुकडे धरून आणतो, फिरवून बघतो, छताला लावतो. आवडला नाही की टाकून देतो आणि दुसरा आणतो. अगदी तुमच्यासारखा खोडकर आणि चिकट. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर माझी पांढरी मूठ कोपऱ्यातून गायब. रात्रीतून त्यानं तिच्यावर सगळी भरडी आणून टाकली. तुमचाच गडी तो.

मी तुमची खुर्ची बिळाच्या तोंडासमोर लावून घेतली. एका बाजूनं मासा उभा, एका बाजूनं मी बसलेली. दोघं पहाऱ्यावर. मी हलले की मासा हलतो, मासा हलला की झिंगा आत. म्हणून मी आता कमी हलते. गुडघ्यांनाही ते मानवतं.

आणि काल दुपारची गोष्ट. मी आत भाकरी थापत होते. हात पिठाचे. बाहेरून आवाज आला. टक्.

सवयीनं ओरडले, "दार उघडंच हाय!"

मग थांबले. तवा तापलेला, भाकरी हातात. पुन्हा, टक्. दारातून नाही, टाकीकडून. झिंग्यानं पंजा वाजवला होता. तुम्ही हैदराबादला म्हणाला होतात तो आवाज, आणि मला तिथे ऐकू आला नव्हता.

मी पिठाच्या हातानंच बाहेर आले. टाकीपुढे उभी राहिले. मासा तोंडाशी होता, त्याच्या अंगाला आतून एक मिशी टेकलेली. त्या वेळी जे म्हटलं ते तुम्हाला ऐकवायचं म्हणून हे सगळं लिहिलं. ते मी एकोणिसाव्या वर्षी म्हणायला पाहिजे होतं, सीताफळांची पिशवी धरून तुम्ही उभे होतात तेव्हा.

या भाऊजी. तसेच या. पाय धुवायची गरज नाही.